"आपल्याकडे गाण्यातलं मोठं असं कोणी झालंच नाही" म्हणे!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

मध्यंतरी एका बैठकीला गेलो होतो. विषय होता सिंहस्थात होणारे सांस्कृतिक कार्यक्रम. कोणाची बैठक, कुठे झाली, ते महत्त्वाचं नाही. यादी वाचून दाखवली गेली. मुंबईचा अमुक गायक, टीव्हीवरच्या स्पर्धेतली तमुक मुलगी, भक्तिगीतांचा ऑर्केस्ट्रा, लेझर शो. चहा आला. मी म्हटलं, आपल्या भागातल्या एखाद्या मोठ्या गवयाच्या आठवणीत निदान एक बैठक ठेवा की. यादी वाचणारे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "अहो, आपल्याकडे गाण्यातलं मोठं असं कोणी झालंच नाही."

पंधरा-वीस माणसं होती. कोणी हूं की चूं केलं नाही. आणि खरं सांगतो, मीही केलं नाही. चहा संपवला आणि घरी आलो. कुशावर्तावरून येताना मात्र स्वतःचीच लाज वाटायला लागली. तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय.

झाला होता. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर त्यांचं नाव. घरचे आणि गाण्यातले लोक बापूराव म्हणायचे. जन्म २८ मे १९२१. बालपण नाशकात गेलं, पंचवटीच्या रामनामाच्या वातावरणात. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी मेंदूज्वराने गेले. वय चौतीस. पुन्हा वाचा, चौतीस. आपल्याकडे या वयाच्या माणसाला "होतकरू कलाकार" म्हणून शाल देतात.

आधी वडिलांबद्दल सांगतो, कारण त्यांच्याशिवाय मुलाची गोष्ट पुरी होत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. मूळ आडनाव गाडगीळ, गाव पलूस म्हणून पलुस्कर. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघातात दृष्टी अधू झाली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. आणि मग या माणसाने संस्थानिकाच्या पदरी राहून सुखाने गायचं सोडून ५ मे १९०१ ला थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या पैशावर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर. गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पडून राहायचं, अशा काळात कोणाही घरातल्या मुलाने, मुलीने फी भरून, वर्गात बसून गाणं शिकावं अशी सोय त्यांनी केली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. तिची इमारत बांधताना कर्ज झालं, ते फिटलं नाही, इमारत हातची गेली. सगळं गमावलेला हा माणूस नाशकात आला आणि रामनाम आधार आश्रमात राहिला. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत गेला.

आता सांगा, तुमच्या घरातली मुलगी गाण्याच्या क्लासला जाते का? प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देते का? पावतीवर "गांधर्व" लिहिलेलं असतं ना? ते गांधर्व म्हणजे हेच. ज्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षा, ते मंडळ पलुस्करांच्या शिष्यांनी त्यांच्या मागे उभं केलं. आपल्या गावातून पोरं परीक्षा द्यायला जातात, सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावतात. आणि त्या भिंतीखाली बसून आपण म्हणतो, आपल्याकडे गाण्यातलं कोणी झालं नाही!

"रघुपती राघव" ज्या चालीवर अख्खा देश म्हणतो, ती चालही विष्णु दिगंबरांचीच मानली जाते. आपल्या शाळेत २ ऑक्टोबरला ती म्हणतात. कोणाची चाल म्हणून विचारलं तर गुरुजींसकट सगळे एकमेकांकडे बघतात.

असो. आता मुलाकडे येतो.

विष्णु दिगंबरांची आधीची मुलं लहानपणीच गेलेली. हा एक जगला. वडील गेले तेव्हा हा दहा वर्षांचा. पुढचं शिक्षण वडिलांच्या शिष्यांनी केलं, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी. १९३५ साली जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात, जिथे वडील गायचे तिथेच, चौदाव्या वर्षी पहिलं मोठं गाणं झालं. १९४४ ला पहिली ध्वनिमुद्रिका आली. १९५५ मध्ये भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सगळं संपलं.

त्यांचं गाणं ऐकलं नसेल तर मोबाईलवर शोधा, फुकट आहे. श्री राग ऐका. संध्याकाळी, दिवेलागणीला. कोमल रिषभावरून पंचमावर जायची जी या रागाची जागा आहे, तिथे भलेभले जोर लावतात, कसरत करून दाखवतात. हा माणूस तिथे सहज जातो. उंबरा ओलांडून देवघरात जावं तसा. गौडसारंग ऐका, भर दुपारी. वळणावळणाचा राग, एका स्वरावरून सरळ दुसऱ्यावर जायला परवानगीच नाही. पण ऐकणाऱ्याला वळण लागत नाही. ताना दाणेदार, शब्द स्वच्छ, तोंड वेडंवाकडं केल्याचा आवाजात मागमूस नाही. आणि हे सगळं ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर, जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांत. तेवढ्यात राग उभा करायचा, बंदिश मांडायची, आलाप, ताना, आणि वेळेत समेवर यायचं. आज अर्धा तास नुसती प्रस्तावना आणि आभार चालतात.

मग एवढा मोठा गवई आपल्या विस्मरणात का गेला? मला तीन कारणं दिसतात. पहिली दोन नशिबाची आणि समजुतीची. तिसरं आपलं.

पहिलं कारण वेळेचं. आपल्या देशात लाँगप्ले रेकॉर्ड आली तीच मुळी १९५० च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे अर्धा-पाऊण तासाचा राग घराघरात पोहोचवायचं साधन आलं तेव्हा हा माणूस जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. टीव्ही तर लांबच. त्यांचं लांबीचं गाणं उरलं ते रेडिओच्या आणि खासगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतून. पंडित भीमसेन जोशींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा. म्हणजे बापूराव त्यांच्यापेक्षा फक्त आठ महिन्यांनी मोठे! भीमसेनजी २०११ पर्यंत आपल्यात होते. म्हणजे बापूरावांच्या नंतर पंचावन्न वर्षं. मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव आज आपण कान पकडून घेतो. त्यांचा जन्म १९१० चा. ते चौतिसाव्या वर्षी गेले असते तर आज कितीजणांना माहीत असते? त्यांना खरी प्रसिद्धी मिळाली तीच उतारवयात. तेव्हा "जगले असते तर फार मोठे झाले असते" हे जे पलुस्करांबद्दल हळहळून म्हणतात ना, त्याचा मला राग येतो. झाले असते काय? झालेलेच होते. जे आहे ते ऐका आणि मग सांगा त्यात काय अपुरं आहे.

दुसरं कारण, "गोड भजनं म्हणायचे" हा शिक्का. मीराबाई, तुलसीदास, सूरदास यांची भजनं त्यांनी अशी गायली की लोक ख्याल विसरून भजनच धरून बसले. गोड म्हटलं की हलकं, हा आपला जुना गैरसमज. ज्याच्या गाण्याने घाम फुटत नाही ते गाणं सोपं असणार, असं आपल्याला वाटतं. अरे, सोपं वाटायला लावणं हेच अवघड आहे! कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या पौष वारीत एखादा म्हातारा वारकरी चिपळ्या घेऊन उभा राहतो, अभंगाची एक ओळ म्हणतो आणि आख्खी दिंडी गप्प होते. त्याला कोणी "गोड म्हणतो, पण हलकं" असं म्हणतं का?

आणि "भजनवाल्या" माणसाने काय केलं होतं तेही बघा. १९५२ चा 'बैजू बावरा'. संगीत नौशाद यांचं. बादशहाच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांचा सामना. तानसेनाला आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा, बैजूला डी. व्ही. पलुस्करांचा. राग देसी. कथेत बैजू जिंकतो. अमीर खाँ म्हणजे केवढं नाव! त्यांच्यासमोर जिंकणाऱ्याचा आवाज कोणाचा शोभेल, तर या तिशीतल्या, नाशकात वाढलेल्या पोराचा, असं त्या काळच्या जाणकारांना वाटलं. गंमत बघा, ज्या त्र्यंबकात १८७० ला दादासाहेब फाळके जन्मले, त्याच्या शेजारच्या नाशकात वाढलेला आवाज फाळक्यांच्या सिनेमाने देशभर नेला. पण पडद्यावर नाव मोठं झालं नटांचं, गाणी लक्षात राहिली रफीसाहेबांची. तीही थोरच. पण सामना जिंकलेला आवाज कोणाचा, हे आपल्याला ठाऊक नाही.

तिसरं कारण आपण. आपल्याला माणूस लक्षात ठेवायचा म्हणजे पुतळा, कमान किंवा चौकाला नाव एवढंच कळतं. नाशकात इंद्रकुंडावर पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे, छान आहे. पण गवयाचं स्मारक म्हणजे त्याचं गाणं चालू राहणं. नावाची पाटी गात नाही.

इथे थोडं लांब जाऊन येतो. तमिळनाडूत तंजावरजवळ कावेरीकाठी तिरुवैयारू नावाचं लहानसं गाव आहे. आपल्यासारखंच नदीचं आणि देवळांचं गाव. तिथे त्यागराज राहिले. तेलुगूत रचना करणारा, तमिळ मुलखात राहणारा, आणि तंजावरच्या आपल्या भोसल्यांच्या काळातला हा संत-गवई. सर्फोजीराजांचं दरबारी निमंत्रण त्यांनी नाकारलं असं सांगतात. १८४७ ला गेले. पुढे त्यांच्या समाधीची पडझड झाली. कोणाचं लक्ष नव्हतं.

ते गेलं एका बाईचं. बेंगळूर नागरत्नम्मा. कर्नाटक संगीतातली मोठी गायिका, देवदासी घराण्यात जन्मलेली. तिने मद्रासमध्ये गाण्यावर मिळवलेले पैसे या समाधीवर ओतले. जागा घेतली, मंदिर बांधलं, १९२६ ला प्रतिष्ठा केली. आणि गंमत म्हणजे तिथल्या आराधनेत बायकांना गायची परवानगी नव्हती! तेव्हा तिने बायकांची वेगळी आराधना सुरू केली. भांडली, चिकाटीने टिकली, आणि १९४० च्या सुमाराला सगळे गट एक झाले. शेवटी ती तिरुवैयारूलाच राहिली. १९५२ ला गेली, तिची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे. आज दर वर्षी तिथे शेकडो गायक-वादक जमिनीवर मांडी घालून बसतात आणि त्यागराजांच्या पाच कृती एका सुरात म्हणतात. नामवंत आणि नवशिके एकाच रांगेत.

आता तिथी ऐका. त्यागराजांची आराधना पौष वद्य पंचमीला. आपली निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला. फक्त सहा दिवसांचं अंतर! तिकडे कावेरीकाठी लोक गात असतात तेव्हा इकडे दिंड्या त्र्यंबकाच्या वाटेला लागलेल्या असतात, त्याही गातच. म्हणजे गाण्याची परंपरा आपल्याकडे कमी नाही. कमी आहे ती नागरत्नम्मा. स्वतःचे पैसे घालून, लोकांचं ऐकून घेऊन, एखाद्या गवयाची आठवण जागती ठेवणारं माणूस.

कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. आधीच उत्तरं देऊन ठेवतो.

"पलुस्कर नाशिकचे, त्र्यंबकचा काय संबंध?" वा! सिंहस्थाचा निधी आला की आपण "नाशिक-त्र्यंबकेश्वर" एका दमात म्हणतो, मधली आडवी रेघसुद्धा विसरत नाही. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते आणि रामकुंडावर जाते तेव्हा ती कोणाची? अठ्ठावीस-तीस किलोमीटरचं अंतर. एसटीने तासाभराचं. निधीला संबंध आहे आणि गाण्याला नाही?

"ते तर कुरुंदवाडचे, मिरजेचे, पुण्याचे." हो, त्यांचेही. त्यांनी आठवण काढली म्हणून आपली सुट्टी होत नाही.

"पलुस्करांच्या चळवळीवर टीका आहे. गाणं मध्यमवर्गीय, भक्तिमार्गी करताना मुसलमान उस्ताद आणि व्यावसायिक गायिका मागे पडल्या." ही टीका मी वाचली आहे आणि ती गंभीर आहे. उडवून लावण्यासारखी नाही. ज्या ग्वाल्हेर घराण्याचं गाणं पलुस्कर गायले ते हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्याकडून आलेलं, हे विसरून चालणार नाही. नागरत्नम्मासारख्या बाईला काय काय सोसावं लागलं तेही त्याच काळातलं. पण वाद घालायला आधी माणूस माहीत पाहिजे. न वाचता, न ऐकता केलेलं विस्मरण ही काही टीका नव्हे, तो निव्वळ आळस आहे. आणि मुलगा अमीर खाँसाहेबांबरोबर गायला, हेही त्या हिशोबात लिहा.

"सिंहस्थात रस्ते, पाणी, शौचालयं महत्त्वाची, गाणं काय?" शंभर टक्के मान्य. आधी रस्ते करा, आधी गोदावरी स्वच्छ करा. माझं म्हणणं एवढंच की मंचासाठी, दिव्यांसाठी, लेझरसाठी पैसा निघणारच आहे. ठरलेलाच आहे. मग त्यातल्या एका सकाळीचा हिशोब मागणं म्हणजे गुन्हा नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात स्नानासाठी देशभरातून लाखो माणसं आपल्या दारात येतील. पंजाबमधून येतील, जिथे हा पोरगा चौदाव्या वर्षी गायला. तंजावरकडूनही येतील. त्यांना आपण काय ऐकवणार? सिनेमाच्या चालीवर बसवलेली देवाची गाणी, कानठळ्या बसेपर्यंत?

माझ्या मागण्या साध्या आहेत, पैशाच्याही फारशा नाहीत.

एक. सिंहस्थाच्या कार्यक्रमांत एक पहाट पलुस्कर पिता-पुत्रांच्या नावाने. लेझर नको, निवेदनही नको. सतरंजी, दोन तानपुरे, तबला, पेटी आणि गाणारा. नाशिक जिल्ह्यात शिकलेला, शिकवणारा. असे आहेत, शोधले तर सापडतील.

दोन. गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसवणाऱ्या प्रत्येक क्लासने १८ ऑगस्टला, म्हणजे विष्णु दिगंबरांच्या जयंतीला, बापूरावांचा एक राग मुलांना ऐकवावा. खर्च शून्य. वेळ साडेतीन मिनिटं.

तीन. पौष यात्रेत दिंडी जात असताना त्या रस्त्यावरच्या दुकानांचे स्पीकर बंद. गाणाऱ्या माणसासमोर यंत्र गप्प बसवायचं, एवढी तरी रीत पाळू. यासाठी कोणाच्या ठरावाची गरज नाही, बटण आपल्याच हातात आहे. दुकानदार मित्रांनो, राग मानू नका, माझ्याही भावाचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. त्याला सांगून झालंय. अजून ऐकलेलं नाही, पण ऐकेल.

आणि चौथी गोष्ट मागणी नाही, ती मी करणार आहे. बैठकीत गप्प बसल्याची भरपाई समजा. येत्या २६ ऑक्टोबरला, बापूरावांच्या पुण्यतिथीला, संध्याकाळी दिवे लागताना माझ्या घरी ओटीवर सतरंजी टाकणार आहे. भाषण नाही, हारतुरे नाहीत. आधी श्री राग ऐकायचा. मग दोन भजनं. मग 'बैजू बावरा'तला तो सामना, दोन्ही आवाज नीट ओळखून. शेवटी आपल्या इथली मुलगी, जी यंदा मध्यमाला बसते आहे, ती जे येईल ते म्हणेल. पहिल्या वर्षी पाचजण आले तरी चालतील. पुढच्या वर्षी दहा येतील.

यायचं असेल तर मेसेज करा, पत्ता पाठवतो. ज्या गृहस्थांनी "कोणी झालंच नाही" म्हटलं, त्यांनाही बोलावणार आहे. मनापासून. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी ऐकवलंच नव्हतं. चहा माझ्याकडे. बसायला गोधडी मात्र आणा, ऑक्टोबर सरताना आमच्या ओटीवर ब्रह्मगिरीचा वारा लागतो.